कॅप्टन सलीमचं अर्धं भाषण

सलीम गेल्याचा मेसेज शाळेच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी त्याचाच फोटो छापलेलं माहितीपत्रक एका पालकांच्या हातात देत होतो. पांढरा शर्ट, खांद्यावर चार पट्ट्या, मागे छोटं विमान... ‘आमचा खास मित्र’ म्हणेपर्यंत फोन वाजला. सकाळी चहा घेता घेता बसल्या जागी हार्ट अटॅक. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. महिना होऊन गेला, पण लिहायला बसलं की दुःखाआधी लाजच पुढे येते.

आम्ही दोघं कासारवाडीचे. त्याच्या अब्बांचं दापोडीला गॅरेज होतं. ग्रीसने माखलेल्या हातांनी पुस्तकं चाळत सलीम वैमानिक झाला आणि एका उद्योगपतीचं खासगी विमान उडवायला लागला. मी चिंचवडला करिअर मार्गदर्शनाचा क्लास काढला. बढाया मात्र मीच मारायचो, त्याही त्याच्या नावावर.

दोन वर्षांपूर्वी मी कार्यक्रम ठेवला, ‘कॉर्पोरेट पायलट व्हा!’ हॉल खचाखच. चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या कपड्यांतच आलेले बाप, शेजारी त्यांची मुलं-मुली. सलीम उभा राहिला आणि म्हणाला, “आधी स्वतःला एक विचारा. मालक घाईत आहे आणि समोर ढग दाटलेत, तर त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणता येईल? येणार नसेल, तर विमान शिकूच नका.” हॉलमध्ये चुळबुळ. हा आपला शांतपणे सांगतोय, की पाहुण्यांच्या बॅगा आम्हीच उचलतो, सीटही आम्हीच पुसतो, ड्यूटीला वेळापत्रक नसतं, फोन आला की निघायचं. “अब्बा गेले तेव्हा मी दुसऱ्या शहरात मालकांची मीटिंग संपायची वाट बघत होतो. मातीला पोचलो नाही...”

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी मनात म्हटलं, आता कोण घेतंय प्रवेश! मी उठलो आणि हसत हसत त्याच्या हातातला माईक काढून घेतला. “कॅप्टन आज थकलेत, राव!” लोक हसले. तोही हसला, खाली बसला. बाहेर आल्यावर वर मीच त्याला झापलं, “भावा, लोकांना घाबरवायला बोलावलं होतं का तुला?” तो एवढंच म्हणाला, “अरे, अजून संपलं नव्हतं माझं.” मी ऐकूनच घेतलं नाही. पुन्हा कधी बोलावलं नाही त्याला, फोटो तेवढा वापरत राहिलो. निर्लज्जपणा, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात त्याच्या अम्मींना भेटायला गेलो. त्या खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. “बस बेटा,” म्हणाल्या. “तुझ्या त्या कार्यक्रमासाठी आठ दिवस तयारी करत होता. मला या खुर्चीत बसवायचा. म्हणायचा, अम्मी, समज तू कॉलेजची पोरगी आहेस, आता ऐक. शेवटचं तर मला पाठच झालंय... ‘एवढं सगळं ऐकूनही ज्याला ढगांच्या वर जाऊन सकाळ बघावीशी वाटते, त्याने खुशाल यावं. मला विचाराल तर मी पुन्हा हेच करीन.’”

मला मान वर करवेना.

“घरी आला तर म्हणाला, मस्त झालं अम्मी. शेवटचं ऐकून पोरांनी टाळ्या वाजवल्या असतील ना रे?”

“हो अम्मी. खूप,” मी म्हणालो. त्या समाधानाने हसल्या.

हा लेख तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल, अम्मी. टाळ्या पडल्या नव्हत्या. तुमच्या मुलाला मी तिथपर्यंत बोलूच दिलं नाही.