साडूचं पोतं आणि माझ्या नऊ बाटल्या

सरळच सांगतो, हा प्रवास मी निसर्ग बघायला केला नाही. साडूच्या तळघरात डोकावायला केला. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या लांब वीकेंडला अख्खं डेट्रॉइट बोटी मागे बांधून अप नॉर्थ, म्हणजे उत्तरेच्या तळ्यांकडे पळतं, तेव्हा शहाण्या माणसानं घरी बसावं. पण माझ्या पोटात दुखत होतं, आणि त्याचं कारण आमच्या ट्रॉयपासून चार तासांवर, ट्रॅव्हर्स सिटीला राहत होतं.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. माझ्या बायकोची, वैशालीची, केमो जानेवारीत संपली. रिपोर्ट चांगले आले, पण भूक काही परत आली नाही. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. डॉक्टरांना विचारून दुकानातल्या गांजाच्या गोळ्या आणल्या, तर तिला गरगरायला लागलं. मग फेब्रुवारीत सतीश आला, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, मेघनाचा नवरा, माझा साडू. मेघनाही सोबत होती. त्यानं घरच्या गांजाच्या झाडाच्या फुलांचं, साजूक तुपात मुरवलेलं औषध बरणीतून आणलं होतं. त्यातलं अगदी थोडं वरणभातावर घातलं. तासा-दीड तासानं वैशाली म्हणाली, "मेघना, अजून भात आहे का गं?"

मी तिथेच ओट्याशी उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसता पुसता मनात काय आलं? ह्यानं का? मी का नाही?

दुसऱ्याच आठवड्यात मी तळघरात झाडं वाढवायचा, दिव्यांचा तंबू लावला. (ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी: मिशिगनमध्ये एकवीस वर्षांवरच्यांना घरात बारापर्यंत झाडं लावता येतात, कुलपात, आणि रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी. पण फेडरल कायदा अजून वेगळा आहे. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर कृपा करून ह्या भानगडीत पडू नका. आम्ही सगळे सिटिझन आहोत.) झाडांसाठी म्हणून खास दुकानात गेलो. तिथल्या माणसानं मला नऊ बाटल्या दिल्या. एकीवर ड्रॅगन, एकीवर कवटी, एकीवर नुसतीच वीज. मुळांची वेगळी, फुलांची वेगळी, फुलं फुगवायची वेगळी, आणि शेवटी ह्या सगळ्या बाटल्यांचं उरलेलं खत धुऊन काढायची वेगळी! सोबत भिंतीवर लावायचा तक्ता. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करतो, तक्ता दिसला की मला बरं वाटतं. एक थेंब इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

जुलैत पीक आलं. पीक कसलं, गवत. पानांची टोकं करपलेली, कुंड्यांना आंबूस वास. तरी तूप केलं. वैशालीनं खाल्लं, "छान झालंय हो," म्हणाली, आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठली. मुलीला शिकागोला फोन करून गाऱ्हाणं सांगितलं तर ती म्हणते, "बाबा, इट्स जस्ट फर्टिलायझर." जस्ट म्हणे!

म्हणून हा प्रवास. शुक्रवारी दुपारी निघू नका, हा पहिला सल्ला. आम्ही शनिवारी सकाळी सहाला निघालो, आय-पंचाहत्तर धरून ग्रेलिंगपर्यंत सरळ उत्तरेला. बे सिटीच्या पुढे गर्दी विरळ झाली आणि दोन्हीकडे पाइनची झाडं सुरू झाली. रेस्ट एरियात थर्मासमधला चहा आणि थालीपीठ काढलं. वैशालीनं एक तुकडा मोडला, चघळला, बाकीचं माझ्याकडे सरकवलं.

"तुम्ही खा. मला सतीशरावांकडे गेल्यावर लागेल भूक."

सतीशरावांकडे गेल्यावर! मी ते थालीपीठ असं काही चावलं की शेजारच्या बाकावरच्या आजींनी वळून बघितलं.

ग्रेलिंगला हायवे सोडून एम-बहात्तरनं पश्चिमेला वळलात की कॅल्कास्कानंतर रस्ता सुंदर आहे. पेट्रोल ग्रेलिंगलाच भरा. रस्त्याकडेला पीच आणि मक्याच्या कणसांची टेबलं मांडलेली असतात, विकायला माणूस नसतो, डब्यात पैसे टाकायचे आणि पिशवी उचलायची. पुढे चढावरून एकदम निळी खाडी दिसते. वैशालीनं काच खाली केली आणि म्हणाली, "किती छान जागी राहतात ना हे!" तेही छानच. सगळं छानच त्यांचं.

सतीश दारातच उभा होता, हाफ पँट, पायांना माती. हॉस्पिटलच्या आयटीत काम करतो, पण मुळात तासगावकडचा, वडिलांची द्राक्षबाग. मेघनानं पिठलं-भाकरी केली होती. त्याचं ते तूप वैशालीनं घेतलं, आम्ही मागच्या अंगणात गप्पा मारल्या, आणि मग ती जेवली. दोन भाकऱ्या. मी मोजल्या. दुसरी संपवताना तिच्या नाकावर घाम आला होता, पूर्वी यायचा तसा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि त्याच वेळी मेघनाला म्हणालो, "तिला अजून वाढ."

जेवणानंतर सतीश म्हणाला, "चला दिलीपराव, दाखवतो." तळघरात कुलूपबंद खोली. चार झाडं, पानं अशी हिरवी की हात लावून खरी आहेत का बघावंसं वाटलं. मी बाटल्या शोधत होतो. एकही नाही. कोपऱ्यात एक पोतं, शेजारी दोन प्लास्टिकचे डबे आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

"खत कुठंय?"

"हे काय." त्यानं पोत्याला पाय लावला. "चेरीच्या बागांना घालतात तेच. हे कॅल्शियम नायट्रेट, त्या डब्यात एप्सम सॉल्ट, आणि त्या दुसऱ्यात एन-पी-के, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. आपल्याकडं द्राक्षाला नाही का, एकोणीस-एकोणीस, बारा-एकसष्ट? तसलंच. झाडाला काय माहीत आपण गांजा आहोत का थॉमसन द्राक्ष!"

"आणि माझ्या बाटल्या?"

"त्यात पण हेच मीठ, दिलीपराव. वर पाणी आणि चित्र. पाणी तुमच्या नळाला येतंय की."

इथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू लिहितो, कारण तुम्ही वाचताय ते ह्यासाठीच. पोतं फार स्वस्त पडतं, माझ्या एका ड्रॅगनच्या किमतीत सतीशची दोन वर्षं निघतात. पण वजन नीट करावं लागतं, अंदाजपंचे चमचा घातलात तर झाड करपलंच. कॅल्शियमचं खत दुसऱ्या खतांबरोबर घट्ट कालवायचं नाही, खाली पांढरा साका बसतो. आधी एक भरपूर पाण्यात विरघळवायचं, मग दुसरं. तोंड उघडं राहिलं तर पोत्यातलं खत दमट होऊन दगड होतं. एक-दोनच झाडं असतील आणि काट्याचा कंटाळा असेल तर बाटली सोयीची, झाड तिच्यावरही चांगलं येतं. हे शेवटचं वाक्य सतीशचंच. ते ऐकलं आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं.

कारण मग माझं झाड का नाही आलं?

रविवारी त्यानं मला शेतीच्या दुकानात नेलं. धान्याचा, खताचा, रबरी बुटांचा वास. काउंटरवरचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा लांबूनच ओरडला, "सॅटीश! हाउ आर द पेपर्स?" मिरच्यांची चौकशी! ट्रॉयमध्ये वीस वर्षं राहतोय, मला माझ्या गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. मी पंचवीस पौंडांचं पोतं उचललं, तर म्हातारा म्हणाला, "न्यू फार्मर?" सतीश पटकन म्हणाला, "माय बिग ब्रदर." आता ह्या माणसाचा धड रागही करता येत नाही, सांगा.

संध्याकाळी चहाला त्यानं माझ्या झाडांची रीतसर उलटतपासणी घेतली. दिवे किती, हवा कशी, पाणी किती. आंबूस वासाचंही मी सांगून टाकलं.

"पाणी तीन दिवसांनी. मोजून," मी म्हणालो.

"मग कुंडीला आंबूस वास कशाचा? रोज पाणी पडतंय तिथं. कोण घालतं?"

"मीच. दुसरं कोण हात लावतं?"

वैशालीनं कप खाली ठेवला. "अहो, मी घालते."

"काय घालतेस?"

"देवाच्या आंघोळीचं पाणी. ते मोरीत कसं ओतायचं? बाहेर सगळा बर्फ होता. तुळस तर मागच्याच थंडीत गेली. घरात कुंड्या होत्या त्या तुमच्याच."

"नुसतं पाणी ना?" सतीशनं विचारलं.

"रोज नुसतं. सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला पंचामृताचं."

मेघना हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती. दूध, दही, तूप, मध, साखर! कवटीच्या बाटलीवर पंचामृताचा अभिषेक, आठवड्यातून दोनदा, पाच महिने! मी तावातावानं म्हणालो, "अगं, निदान सांगायचं तरी! मी तक्ते भरत बसलोय वेड्यासारखा!"

"तुम्ही हात लावू नकोस म्हणाला होतात." मग ती थोडं थांबून हळूच म्हणाली, "आणि मला वाटलं, देवाचं पाणी घातलं तर तुमची झाडं ह्यांच्यापेक्षा चांगली येतील. किती धडपडत होतात तुम्ही."

सतीश कप उचलून आत गेला. म्हणजे तिला कळत होतं सगळं, माझं जळणं, फुगणं, सगळं. मला लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

सोमवारी परत. दुपारी निघालात तर सॅगिनॉजवळ तासभर अडकाल, आम्ही दीड तास अडकलो. वैशाली शेजारी झोपली होती, मागे पोतं होतं. घरी आल्यावर देवाच्या पाण्याची व्यवस्था खिडकीतल्या कढीपत्त्याकडे लावली. बाटल्या शेजाऱ्याच्या टोमॅटोंना गेल्या, त्याचे टोमॅटो झकास आले, त्याचंही थोडं दुखलंच मला.

डिसेंबरमध्ये पीक निघालं. पानं सतीशइतकी नाही, पण हिरवी. सतीशला फोटो पाठवले, त्यानं वजन विचारलं आणि सांगितलं तसं, त्याच्याइतकंच सौम्य तूप केलं. त्याची बरणी संपली होती. ती धुतली आणि त्यातच माझं भरलं, दुसरी रिकामी बरणी नव्हती म्हणून.

वैशालीनं त्यातलं तूप खिचडीवर घेतलं. तासाभरानं पुन्हा ताट पुढे केलं. मग पापड मागितला. मग लोणचं. नाकावर घाम.

"सतीशरावांनी नवीन पाठवलं वाटतं?" ती म्हणाली.

तोंडाशी आलं होतं, माझं आहे, माझं! पण माझं म्हटलं की ती माझ्यासाठी जेवणार. जुलैतही तिनं "छान झालंय" म्हटलंच होतं. मला तिची खरी भूक बघायची होती.

"हो," मी म्हणालो.

तिनं बोटं चाटली आणि तिथल्या तिथे स्पीकरवर त्याला फोन लावला. "सतीशराव, नवीन तूप फारच छान हो! आज तीनदा वाढून घेतलं."

त्यानं दोन महिन्यांत काहीच पाठवलं नव्हतं. मी फोनकडे बघत उगाच पापड मोडत बसलो.

"असं होय?" तो म्हणाला. "मग पोटभर खा, ताई. ह्या वेळचं माझ्या आधीच्यापेक्षा चांगलं उतरलंय."

हे त्यानं बोलायला नको होतं. आता जळायलासुद्धा जागा ठेवली नाही माणसानं.