कानमिस्त्रींचा ब्रेक

आमचे केरबा मिस्त्री माणसांशी जेवढं बोलत त्याच्या दुप्पट चाकांशी बोलत, आणि बोलण्यापेक्षा ऐकत जास्त. सकाळी मोटारखान्यात आले की टोपी मागे सरकवायचे, मातीत गुडघे टेकायचे आणि गाडीच्या चाकाला कान लावायचे. डॉक्टर पोराच्या छातीला लावतात तसा. खात्यातले सगळे त्यांना 'कानमिस्त्री' म्हणत. मी तेव्हा फिरत्या दवाखान्यात नर्स होते आणि स्टेथॉस्कोपचा थोडा माजही होता, त्यामुळे मला त्यांचं हसूच यायचं.

आमचा दवाखाना म्हणजे महायुद्धानंतरच्या लिलावात घेतलेला एक अमेरिकन ट्रेलर, लॉरीच्या मागे जोडून ओढायचा. त्याच्या चाकांत विजेचे ब्रेक होते. ड्रायव्हरने आपल्याजवळचा दांडा ओढला की वीज ट्रेलरवरच्या एका पेटीत यायची आणि पेटी चाकांना थांबायला सांगायची. ती पेटी जळाली, आणि नवी बसवण्याचं काम मिस्त्रींकडे आलं.

पेटी ट्रेलरच्या पोलादी सांगाड्यावर बसवायची होती. मोटारखान्याचे साहेब म्हणाले, वरच्या कडेला भोक पाडा, हात लगेच पोचेल. मिस्त्रींनी दोन दिवस नुसतं खडूने खुणा करून पुसल्या. शेवटी वरची आणि खालची कड सोडून सांगाड्याच्या उभ्या पट्टीच्या बरोबर मध्यावर भोक पाडलं. "सगळं वझं कडा वाहतेत, साब. त्यांनाच भोक पाडलं तर कैसा चलेगा?" पेटीची एक तार सांगाड्याला जोडायची होती. तिथला रंग त्यांनी खरवडून पांढरं लोखंड काढलं. मी विचारलं, चांगला रंग का घालवता? "वीज रंगातून जात न्हाई, बाई. लोखंडापोत्तर जावं लागतं." मग दांडा ओढला की चाकात 'टक' वाजायचं. त्या 'टक'वर त्यांचा दिवस चाले.

याच सुमारास, छप्पन साली, हैदराबाद राज्याचे तुकडे व्हायचं ठरलं. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार आणि आमचा ट्रेलरही त्याच्या वाट्याला. कोणी कुठे जायचं त्याचे फॉर्म आले. हैदराबादेत नल्लकुंट्यात मावशीकडे राहणाऱ्या मी आनंदाने मराठवाडा लिहिला. मिस्त्रींचं गाव माझ्या गावापासून चार कोसांवर. ते येणारच, असं मी धरून चालले होते. त्यांनी लिहिलं होतं हैदराबाद.

"अहो, आपल्या भागात चाललोय आपण," मी म्हटलं.

"तुमच्या भागात, बाई." ते हात पुसत होते. "हितं मला लोक मिस्त्रीसाब म्हन्तेत. तिथं मी अजून वेशीभाईरचा केऱ्या. मातारी तिथं हाय, ती गाव सोडत न्हाई. पर मी जानार न्हाई."

मिस्त्री आमच्याकडे चहाला आले की मावशी त्यांच्यासाठी निराळी कपबशी काढायची. ती ते स्वतः विसळून पालथी घालत. मी रोज बघत होते, आणि एकदाही काही बोलले नव्हते. त्याची लाज मला अजून वाटते.

निघायच्या दिवशी ट्रेलर नवरीसारखा सजला होता. नवा हिरवा रंग, त्यावर नव्या राज्याचं नाव, पुढे झेंडूचा हार. मिस्त्री निरोपाला धुतलेले कपडे घालून आले आणि सवयीने चाकाला कान लावून बसले. ड्रायव्हरने दांडा ओढला. 'टक' वाजलंच नाही.

"कल तो बजा था," साहेब म्हणाले. "गाडी ठीक आहे म्हणून सही करा मिस्त्री, वाटेत बघून घेतील."

"वाटेत घाट हाय जी. मैं दस्तखत नक्को करता."

"मी वर रिपोर्ट लिहीन!"

"लिव्हा."

आणि ते त्या धुतलेल्या कपड्यांनिशी ट्रेलरखाली शिरले. रंगाऱ्याने रात्री काम सफाईदार व्हावं म्हणून पेटीची ती तार सोडवली होती, पांढरं लोखंडही रंगवून टाकलं होतं आणि तार पुन्हा रंगावर घट्ट बसवली होती. वरून सगळं जागच्या जागी. मिस्त्रींनी कानशीने तेवढाच हिरवा डाग खरवडला. साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. शेवटी 'टक' वाजलं. मग मिस्त्री मला म्हणाले, "आता तुमी ऐका. पुढं मी न्हाई." पांढऱ्या साडीत मी मातीत गुडघे टेकले. उठले तेव्हा मला रडू आवरेना, आणि मिस्त्रींनी उगाचच हार सरळ केला.

बालाघाटच्या उतारावर लॉरी जोरात सुटली तेव्हा त्या ब्रेकनेच आम्हाला धरलं.

चार महिन्यांनी दवाखाना मिस्त्रींच्या गावी गेला. पाटलांनी चावडीपुढची जागा झाडून ठेवली होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, पुढे घ्या, वेशीबाहेर. पाटील म्हणाले, "बाई, तिकडं कशाला?"

"चावडीपुढे उतार आहे. गाडी सपाटीलाच उभी करायची, मिस्त्रीसाहेबांचा हुकूम आहे."

"कोण मिस्त्रीसाहेब?"

"तुमच्याच गावचे. केरबाराव."

पाटलांचं तोंड बघण्यासारखं झालं. उतार होता बोटभर, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. पण त्या दिवशी पाटलीणबाईंना खोकल्याच्या औषधासाठी वेशीबाहेर येऊन मिस्त्रींच्या म्हातारीच्या मागे रांगेत उभं राहावं लागलं. पुढेही दर खेपेला गाडी तिथेच उभी राहिली.

मी हे सगळं पत्राने कळवलं. बरेच दिवस काही आलं नाही. मग कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं: उन्हाळ्यात येतो, गाडी तिथेच ठेवा.

आले. म्हातारी काठी टेकत ट्रेलरपाशी उभी होती, लेक पाया पडेल म्हणून. आणि हे महाशय आधी गुडघे टेकून चाकाला कान लावून बसले!

"मेल्या, आधी मला बघ की!" म्हातारी ओरडली.

मिस्त्री उठेनात. ड्रायव्हर दांडा ओढत राहिला, टक, टक. मला वाटलं, अजून ऐकताहेत. जवळ गेले तेव्हा दिसलं, चाकाला कपाळ टेकून ते रडत होते.

जाताना मी विचारलं, "आता राहता का इकडे?"

"नक्को, बाई." त्यांनी टोपी सरळ केली. "पर आता येत जाईन."