सगळ्यांना विचारून आणलेलं ट्रॅम्पोलिन

"बाई, एक इचारू का?"

आमच्या आणि शेजारच्या घरामधल्या भिंतीवरून हे वाक्य पहिल्यांदा आलं, तेव्हा आम्हाला त्या कॉलनीत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. भिंतीपलीकडे पांढरी टोपी, तिच्याखाली पांढऱ्या मिशा आणि भिंतीवर टेकवलेले दोन जाडजूड हात एवढंच दिसत होतं. मी शाळेत गणित शिकवते हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण पहिल्या क्षणापासून मी त्यांची 'बाई' होते. प्रश्न होता, फाटकाला कुठला रंग द्यावा. मी म्हटलं, हिरवा द्या. पुढच्या रविवारी पाहते तर फाटकाचं एक दार हिरवं आणि दुसरं निळं.

"दूधवाला निळा म्हणालता," ते म्हणाले. "तुमचंबी मन मोडायला नको, त्याचंबी नको."

असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. सल्ला मागणारे पुष्कळ भेटतात, पण शेवटी ते आपल्या मनासारखंच करतात. आप्पांचं तसं नव्हतं. सगळी कॉलनी त्यांना आप्पा म्हणायची. ते खरोखर ऐकायचे आणि सगळ्यांचंच ऐकायचे, पंचाईत तिथंच होती. मंडईत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ते विचारणार, "पावणं, ही वांगी घेऊ का ती?" पावणं बिचारा गोंधळून जायचा आणि आप्पा दोन्ही वांगी घेऊन घरी यायचे. डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी की नाही, हे ते बाहेर बसलेल्या दुसऱ्या पेशंटला विचारायचे. मला कधी हसू यायचं, कधी चक्क राग यायचा.

उमेदीची वर्षं त्यांनी कागलच्या एमआयडीसीत, एका फाउंड्रीत काढली होती. तिथं त्यांचं बरं चाललं असावं, कारण काय ओतायचं ते दुसऱ्यांनी आधीच ठरवलेलं असायचं. हे आपलं माझं मत.

त्यांना एकच मुलगी. बायको लवकर गेली आणि मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं. मुलगी नोकरीला बेंगळुरूला गेली आणि एका दिवाळीला एका मुलाला घेऊन घरी आली. मुलगा आपल्यातला नव्हता. तिनं वडिलांना सरळ विचारलं, करू का लग्न? आप्पा म्हणाले, "इचार करून सांगतो." मग त्यांनी भावकीला विचारलं, फाउंड्रीतल्या लोकांना विचारलं, मंगळवार पेठेतल्या तालमीतले त्यांचे जुने दोस्त वस्ताद यांना विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी नको म्हणालं. आप्पा रोज नवीन मत घेऊन घरी यायचे. मुलगी वाट पाहत राहिली, उसाचा सगळा हंगाम गेला, आणि मग तिनं तिकडेच लग्न केलं. भांडण असं झालंच नाही. फोन यायचा, जेवलासा का, पाऊस हाय का, एवढं बोलणं व्हायचं. पण ती नवऱ्याला घेऊन या घरात पुन्हा आली नाही. नातवंडं झाली तीही आप्पांनी मोबाइलवरच पाहिली.

हे सगळं मला कॉलनीनं सांगितलं. आप्पांनी एवढंच सांगितलं होतं, "माजं सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बघा."

आणि एका एप्रिलमध्ये ते भिंतीवर आले ते नेहमीची टोपी न घालताच.

"बाई, एक इचारू का? ती यायलीया. चौघंबी. मे म्हैन्यात." थोडं थांबून म्हणाले, "पोरास्नी हितं करमंल का, असं इचारत हुती. न्हाय करमलं तर लगेच जाऊ म्हणाली."

नातू नऊ वर्षांचा होता आणि घरातल्या पलंगावर दिवसभर उड्या मारायचा. त्यानंच फोनवर आप्पांना, म्हणजे त्याच्या अज्जांना, सांगितलं होतं की ट्रॅम्पोलिन आणा. आप्पांनी हा शब्द मोबाइलवर नातवाकडून तीनतीनदा म्हणवून घेतला आणि पाठ केला. मग ते विचारायला बाहेर पडले.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी कधी विसरणार नाही. दूधवाला म्हणाला, चौकोनी घ्या, गोल कोपऱ्यात बसत नाही. फाउंड्रीतला एक मित्र म्हणाला, पाय काँक्रीटमध्ये बसवा, मग ते हत्ती नाचला तरी हलणार नाही. वस्ताद तर घरामागच्या परड्यात खुर्ची टाकूनच बसले. ऐंशीच्या घरातला माणूस, कानाच्या पाकळ्या कुस्तीत मोडलेल्या, आवाज सगळ्या गल्लीला पुरेल एवढा.

"जाळी कशाला लावतूस मर्दा?" वस्ताद म्हणाले. "पोरगं पडल्याबिगर तयार हुतंय व्हय? खाली तालमीतल्यासारखी तांबडी माती टाकू, त्यात ताक आणि तेल वतू. हाय काय त्यात."

आप्पांनी खरंच मातीची चौकशी केली. तेव्हा मात्र मी भिंतीला वळसा घालून त्यांच्या परड्यात गेले आणि बाईच्या आवाजात बोलले. जाळी हवीच, आणि ती स्प्रिंगांच्या आतल्या बाजूनं हवी, म्हणजे पोराचा पाय स्प्रिंगांत जाणार नाही. स्प्रिंगांवर जाड गादीची पट्टी हवी. नातवाच्या वजनापेक्षा बरंच जास्त वजन पेलणारं घ्या. आजूबाजूला मोकळी जागा सोडा, वर काही लोंबकळता कामा नये. आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. वस्तादही मान हलवत होते, पण नकारार्थी.

"आणि धाकटी?" आप्पांनी विचारलं. नात पाच वर्षांची होती आणि एवढ्या लहान मुलांना मोठ्यावर चढवू नये, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. "एकाला द्यायचं आणि दुसरीला न्हाय, हे कसं करू वं?"

शेवटी तिच्यासाठी घरातल्या घरात ठेवायचं, हाताला धरायला दांडी असलेलं, गुडघ्याएवढं छोटं आणायचं ठरलं. आप्पांनी आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदाच बाकी कुणाला विचारलं नाही असं मला वाटलं. पण संध्याकाळी ते दूधवाल्याला विचारताना दिसले.

मोठ्या खोक्यातून पाइप निघाले, स्प्रिंगा निघाल्या, आणि दिवसभर आप्पा, वस्ताद आणि मी परड्यात होतो. मी कागद वाचायची, आप्पा पाना फिरवायचे, वस्ताद मध्येच म्हणायचे की हे उलटं बसलंय. एकदा ते खरंच उलटं बसलं होतं. चिकूची खाली आलेली फांदी आप्पांनी तोडली, कपड्यांची तार काढली, शहाबादी फरशीपासून लांब, सपाट मातीवर ते गोल ट्रॅम्पोलिन उभं राहिलं. पाय जमिनीत रोवून धरणारे लोखंडी हुक तेवढे ठोकायचे राहिले. अंधार पडला होता. उद्या सकाळी पहिलं काम ते, असं ठरलं.

सकाळी मी डोकावले तर ट्रॅम्पोलिनला झेंडूचा हार. वस्ताद म्हणाले होते, नवी गाडी आणली की पूजा करतोस ना, मग हिची का नको? गाडीच्या चाकाखाली ठेवतात तशी प्रत्येक पायाखाली लिंबं ठेवली होती. गाडी निदान पुढं जाऊन लिंबं चिरडते, हे जागचं कुठं हलणार? त्यामुळे काही लिंबं दबली होती, काही तशीच होती, आणि सगळं प्रकरण एका अंगाला किंचित कललं होतं. शेजारी पाटावर हातोडा, पाना, पक्कड आणि ते हुक ओळीनं मांडून त्यांनाही हळदकुंकू वाहिलं होतं.

"हुक ठोकलेत का?" मी विचारलं.

"आता आज कसं, बाई? हातोडा पुजलाय न्हवं." ते खरंच चकित झाले होते. फाउंड्रीत खंडेनवमीला हत्यारं पुजली की त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही, मशीनसुद्धा बंद. जन्मभर पाळलेला नियम त्यांना मे महिन्यात परड्यातही मोडवेना. मी चिडले. म्हटलं, मग आज एकाही मुलाला वर चढू देऊ नका. ते म्हणाले, "न्हाय चढवत."

त्यांची दुसरी अडचण निराळीच होती. जावयाला काय म्हणून हाक मारायची? मी म्हटलं, जावईबापू म्हणा, त्यात विचारायचं काय? वस्ताद म्हणाले, वयानं ल्हान हाय, नावानं मार हाक. दूधवाला म्हणाला, या-बसा एवढं पुरे. आप्पांना तिघांचंही पटलं.

दुपारी चौघं आली. आप्पांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलीच्या पाठीवर नुसता हात ठेवला. जावयाशी ते भिंतीकडे बघून बोलत होते. "पाणी घ्यायचं. हितं बसायचं. चहा व्हायलाय." तू नाही, तुम्ही नाही, नाव नाही, नातं नाही. जावई शांत माणूस, धारवाडकडचा, मराठी जपून बोलणारा. मुलगी सगळं पाहत होती.

नातू परड्यात धावला, ट्रॅम्पोलिन पाहिलं आणि "अज्जा" म्हणून आप्पांच्या कमरेला मिठी मारली. झालं. मला दिलेला शब्द विसरून आप्पांनी स्वतःच्या हातानं जाळीची चेन उघडली. धाकटी आत व्हरांड्यात तिच्या छोट्यावर उड्या मारत होती. एका वेळी एकटाच, चप्पल काढून, कोलांटी नाही, हे सगळं आप्पांनी नातवाला बजावलं. तेवढं त्यांच्या लक्षात होतं.

जावई मात्र वाकून पाय बघत होता. "आप्पा, हे मोकळेच आहेत," तो म्हणाला आणि पाटावरच्या हातोड्याकडे त्यानं हात नेला.

"हात लावायचा न्हाय," आप्पा म्हणाले. "आज न्हाय."

जावयानं हात मागं घेतला. का, ते सांगायला आप्पांनी तोंड उघडलं, पण वाक्य कसं सुरू करावं हेच त्यांना समजेना, कारण हाक मारल्याशिवाय ते सुरू होत नव्हतं. मुलगी पायरीवरून उठली.

"त्यांच्या हाताचंबी चालत न्हाय का आप्पा तुम्हाला?" ती शांतपणे म्हणाली. "मग संध्याकाळच्या गाडीनं जातो आम्ही."

मी मध्ये पडून पूजेचं सांगायला लागले, वस्तादही एकदम बोलायला लागले, आणि आम्हा दोघांचं मिळून कुणालाच काही कळेना. ती आत गेली. उघडलेल्या बॅगेत कपडे परत भरायचा आवाज बाहेर येत होता. आप्पा जागच्या जागी उभे होते. इतका हरवलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मे महिन्यात चारच्या सुमारास आपल्याकडे वळवाचं वारं कसं उठतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आधी पाचोळा गोल फिरला. मग चिकू वाकला, जाळीत वारा भरला आणि एका अंगाचे पाय सरळ जमिनीवरून उचलले गेले. नातू अजून जाळीच्या आतच होता. तो ओरडलासुद्धा नाही, नुसता जाळीला चिकटला.

आप्पांनी धावत जाऊन उचललेल्या कडेला अंग टाकलं. पण वारा त्यांच्यासकट ते उचलत होता.

"जावईबापू," ते ओरडले, "तिकडनं धरा, जावईबापू."

जावई तोवर पोचलाच होता. दोघं दोन बाजूंनी लोंबकळले, वस्तादांनी मधला पाय कवळून धरला, मी चेन उघडली आणि घरातून धावत आलेल्या मुलीनं आत हात घालून पोराला ओढून घेतलं. वारा गेला तरी दोघांपैकी कुणी कड सोडली नाही. मोठे मोठे थेंब पडायला लागले होते.

मग जावई उठला, पाटाकडे गेला आणि हळदकुंकवाचा हातोडा घेऊन आप्पांसमोर उभा राहिला. "ठोकू?" त्यानं विचारलं.

मी तिथं होते, वस्ताद तिथं होते. आप्पांनी आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. "ठोका," म्हणाले, खाली बसले, आणि हुक दोन्ही हातांनी धरला. पावसात जावई घाव घालत गेला, आप्पा एकेक हुक पुढं करत गेले. मुलगी पोराला पोटाशी धरून बराच वेळ बघत उभी होती. मग ती आत गेली आणि तिनं बॅग रिकामी केली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यापर्यंत चौघं इथंच होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून मी म्हटलं, "आप्पा, काल जावईबापू म्हणालात."

"म्हणालो व्हय?" ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "मला कायबी ठावं न्हाय बघा." मग दबक्या आवाजात म्हणाले, "काय म्हणाला तो? रागावला न्हाय न्हवं?"

ते मनात ठरवून म्हणाले होते की वाऱ्यानं म्हणवून घेतलं, मला आजही सांगता येणार नाही. मी पुष्कळ विचार केला. त्यांनाही माहीत नसावं.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. पंचगंगेच्या घाटावर अग्नी कुणी द्यायचा यावर भावकीची चर्चा सुरू झाली. मुलगा नाही, मग पुतण्यानं द्यावा की जावयानं? चार जण इकडे बोलत होते, चार तिकडे. वस्तादांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमास्नी काय वाटतं?" माझं मत तयार होतं, मी सांगणारही होते.

तेवढ्यात मुलगी पुढं झाली. धाकटीचा हात तिनं नवऱ्याच्या हातात दिला, पाण्याचं मडकं उचलून खांद्यावर घेतलं आणि चितेभोवती चालायला लागली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. मला रडू आलं ते तेव्हा, त्याआधी नाही.