बेसमेंटची भिंत आणि आईची मार्केन्शिया

मंगळवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "मैडम, जल्दी आ जाइए. आपकी माताजी काम नहीं करने दे रहीं."

नोएडात राहणाऱ्यांना माहीत आहे, सेक्रेटरींचा फोन म्हणजे एकतर पार्किंग नाहीतर पाणी. आईवरून फोन पहिल्यांदाच आला.

आधी आईबद्दल सांगते. ती अमरावतीला कॉलेजात बॉटनी शिकवायची. दर पावसाळ्यात गळ्यात भिंग अडकवून विद्यार्थ्यांना चिखलदऱ्याला न्यायची. बाबा गेल्यावर मी तिला इकडे घेऊन आले, पण तिचं मन काही रमेना. तिकडे अख्खं कॉलेज तिला मॅडम म्हणायचं, इथे लिफ्टमध्ये सगळे आंटीजी म्हणतात.

"महिनाअखेरीस मी परत जाते," असं तिनं मागच्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. तिकडे एकटी, त्यात बीपी, घरात पडली तर कोण बघणार... मी रोज नवं कारण काढून विषय टाळत होते.

तर, कॅब करून पोचले. बेसमेंटच्या रॅम्पवर एक पाइप कायम झिरपत असतो. तिथल्या भिंतीसमोर आई प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडून बसली होती. पुढ्यात दोन सफाईवाले, हातात तारेचे ब्रश आणि ॲसिडची बाटली. सेक्रेटरी कपाळाला हात लावून उभे.

माझ्या मनात भलतंसलतं आलं. वय झालंय, एकटी असते दिवसभर, डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला... आणि लाजही वाटली, खोटं कशाला बोलू. मी घाईघाईने माफी मागायला लागले, तर सेक्रेटरी म्हणाले, "मैडम, कम्प्लेंट तो आपने ही डाली थी ग्रुप पे. काई का फोटो भी आपका ही है."

खरंच होतं. रविवारी त्या रॅम्पवर माझा पाय घसरला होता आणि मी तावातावाने शेवाळाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. कोणी पडल्यावर साफ करणार का, वगैरे. त्या फोटोत भिंतही होती, हे माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर परवडलं असतं. "तू याला शेवाळ म्हणालीस?" एवढंच म्हणाली.

बॉटनीच्या मॅडमची मुलगी मी, आणि मला सगळं हिरवं म्हणजे शेवाळच.

मग तिनं भिंग माझ्या हातात दिलं. भिंतीला चिकटलेल्या हिरव्या चपट्या पट्ट्या, टोकाशी दोन-दोन फाटे फुटलेल्या. त्यांच्यावर इवल्या इवल्या गोल वाट्या आणि वाट्यांमध्ये हिरवे कण. पाण्याचा थेंब वाटीत पडला की ते कण बाहेर उडतात, आणि जिथे ओल मिळेल तिथे नवी वनस्पती सुरू होते, असं आईनं सांगितलं.

"ही मार्केन्शिया. लिव्हरवर्ट. दिल्लीच्या उन्हात कुठून आली ही? नर्सरीवाल्याच्या कुंड्यांबरोबर डोंगरातून आली असणार." तिला खरी मुळं नसतात म्हणे. नुसते केसांसारखे धागे असतात, भिंतीला धरून राहण्यापुरते.

"म्हणजे अगदी तुझ्यासारखीच की," मी लाडात येऊन म्हटलं.

"वनस्पतीला वनस्पती राहू दे. उगाच कविता करू नकोस."

सेक्रेटरींना अर्थातच ना कविता हवी होती ना बॉटनी, त्यांना रॅम्प साफ हवा होता. मग आई उठली आणि तिथेच तिनं तास घेतला. तिचं हिंदी यथातथाच, पण हात नेमके फिरत होते. खाली जमिनीवर बुळबुळीत थर आहे ती काई, पाय तिच्यावरून घसरतो, ती खुशाल घासा. भिंतीच्या वरच्या कडेला मखमलीसारखं दिसतं ते मॉस. आणि हे चपटं लिव्हरवर्ट. तिन्ही वेगळी, सगळ्यांना एकच शिक्षा कशाला?

"और दीवार पे कौन चलता है, बताओ!"

आधी सफाईवाले हसले, मग सेक्रेटरीही. "ठीक है आंटीजी. दीवार आपकी, रैम्प हमारा." रॅम्प घासून निघाला, भिंत वाचली.

वर येताना आई बोलतच राहिली... कितीतरी महिन्यांनी. तिच्या वेळी मॉस, लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्ट एकाच घरात नांदायचे. मग शास्त्रज्ञांनी वाटण्या केल्या, तिघांचे विभाग वेगळे झाले. आता जीन्स तपासून बरेच जण परत म्हणतायत की कुटुंब एकच आहे. मला निम्मं कळलं. पण आवाज तोच होता, लहानपणी शाळा सुटल्यावर मी तिच्या वर्गाबाहेर बसून ऐकायचे तो.

जेवताना तिनं सहज सांगितलं, "अजून छत्र्या यायच्यात मार्केन्शियावर, फुलांच्या जागी येतात त्या. त्या बघितल्याशिवाय नर की मादी कळत नाही, स्पीशीजही नक्की सांगता येत नाही. थंडी सरता सरता येतील बहुतेक. तोवर काही मी हलत नाही."

मी मान खाली घालून भात कालवत राहिले. बीपीची भीती घातली होती, माझ्या लेकीला पुढे केलं होतं, माझं स्वतःचं रडूनही झालं होतं... बाई बधली नव्हती. आणि राहिली ती बेसमेंटमधल्या एका ओल्या भिंतीसाठी. थोडं लागलं मनाला, नाही असं नाही.

पण आई इथे आहे. सकाळी चहा झाला की भिंग घेऊन खाली जाते, आणि वर आली की मला काहीतरी सांगते. तिच्या छत्र्या सावकाश येऊ देत... मला काहीच घाई नाही.