मसणवट्याकडं तोंड केलेला भोंगा

सांगते, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. मागं एका मैत्रिणीला हे सांगताना तिनं हसता हसता नव्या साडीवर कप ओतून घेतला, आणि दोष पुन्हा मलाच!

तर, मी फार बोलत नाही. बोलले तरी ऐकू जात नाही. लग्नात माझा उखाणा पहिल्या रांगेलाही कळला नाही. मी नाव नवऱ्याचंच घेतलं की दुसऱ्या कुणाचं, यावर बायका अजून वाद घालतात. पण बिघडलेली वस्तू दिसली की उघडून बघायचा मला नाद. लातूरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. रुखवतात सोल्डरिंग गन मांडायला आईनं साफ नकार दिला, म्हणून मी ती शालूच्या घडीत लपवून आणली.

सासर धर्माबादकडं, गोदावरीकाठी. पंचायतीच्या गच्चीवर एक भोंगा. वरच्या धरणातून पाणी सुटलं की तो वाजायचा आणि लोक शेतीला पाणी उपसायच्या नदीतल्या मोटरी ओढून वर काढायचे. मला याचंच नवल! आमच्या लातूरला पाण्याचा भोंगा वाजला असता तर लोक घागरी घेऊन पळाले असते.

हा भोंगा खरं तर स्वतःभोवती फिरणारा; चारी दिशांना ऐकू जावं म्हणून. पण त्याचं फिरणं कधीच अडकलेलं, आणि अडकलं तेही मसणवट्याकडं तोंड करून! ज्यांना आता पुराची काही भीती उरली नव्हती, त्यांनाच तो इमानेइतबारे सावध करायचा.

एक दिवस जेवताना मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, भोंगा फिरवता येईल."

मामा दचकले. भोंग्यामुळं नाही. मी बोलले म्हणून.

मामा उपसरपंच. त्यांनी पंचायतीत विषय काढला, तर शेजारचे गंगाधरकाका हसायलाच लागले.

"सूनबाई भोंगा दुरुस्त करणार? आधी मेहंदी तर निघू द्या तिची!"

"माझ्या जबाबदारीवर," मामा म्हणाले. "बिघडलं तर माझं नाव सांगा."

झालं! सासऱ्यांची अख्खी इज्जत माझ्या पान्याच्या टोकावर!

भोंगा उघडला. आतलं ग्रीस दगड झालेलं. ते खरवडलं, जुन्या जीपच्या वायपरची मोटर जोडली, आणि देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा तो डौलात फिरायला लागला. इथं थांबायचं की नाही? पण नाही. भोंगा सुरू करायला दर वेळी शिपायाला पळत यावं लागायचं. म्हटलं, फोनवरच सुरू झाला तर?

आमच्याकडं शेतातल्या मोटरीला मोबाईल स्टार्टर लावतात. त्या डबीत सिम घालायचं. घरून फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. आतली बाई सांगतेसुद्धा, "मोटर चालू झाली आहे." मामांची अशी एक जुनी डबी होती, ती भोंग्याला जोडली. सिम? लग्नानंतर मला नवा नंबर मिळालेला, लातूरचं जुनं सिम पर्समध्ये नुसतंच पडून होतं. ते घातलं. डबीनं कुणाकुणाच्या फोनला दाद द्यायची, ते नंबर आत भरायचे असतात. म्हटलं, उद्या भरू; तोवर कुणाचाही फोन चालेल.

चाचणीला सगळं गाव जमलं. मामांनी फोन लावला. भोंगा फिरत फिरत चारी दिशांना गरजला. परत लावला, बंद. टाळ्या!

"हाव बुवा, मानलं!" गंगाधरकाका म्हणाले. मामा मिशीतल्या मिशीत हसत होते. सगळ्यांसाठी चहा आला.

आणि भोंगा वाजला.

मामांचा फोन तर खिशात. सगळे मामांकडं बघायला लागले.

"म्या न्हाई लावला," मामा म्हणाले आणि एकदम उठले. "आरं, सकाळीच धरणावरच्या माणसाला नंबर दिला हाय! पाणी सुटलं! पळा, मोटरी काढा!"

चहा तिथंच. मी ओरडले, "थांबा, आधी बघू द्या!" ते माझ्या हातातल्या कपालाही ऐकू गेलं नसेल.

भोंगा बंद झाला. लोक अर्ध्या वाटेत थांबले. पुन्हा वाजला. लोक पुन्हा पळाले. पलीकडच्या शिवारातले, वरच्या वस्तीतले, सगळे नदीकडं! माझं काम इतकं चोख झालं होतं की कोणी म्हणून सुटलं नाही. पहिल्यासारखा मसणवट्याकडंच ओरडला असता तर निदान इज्जत वाचली असती.

एवढ्यात आत्या, म्हणजे सासूबाई, घरी चार्जिंगला लावलेला माझा फोन घेऊन धापा टाकत आल्या. "तुझी आई हाय. लई घाबरल्यात." मी स्पीकर लावला. भोंग्याचं तोंड पलीकडं वळलं की आईचं ऐकू यायचं, आमच्याकडं वळलं की बुडायचं.

"बाळा, नव्या नंबरवर उचलेनास, म्हणून जुन्यावर लावला, तर कुणी बाई म्हणते, मोटर चालू झाली आहे!"

भोंगा.

"परत लावला, तर म्हणते बंद झाली आहे! मावशीला लावायला सांगितलं, तर..."

भोंगा.

"खरं सांग, तुला शेतात मोटरीवर बसवलंय का त्यांनी?"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वर बघितलं. तो फिरतच होता.

मागून मामा आले. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर भिजलेला दोरखंड. सगळं ऐकलेलं. शांतपणे म्हणाले, "विहीणबाईंना म्हणावं, अजून एकदा लावा. बंद तरी होईल."

त्या दिवशी लोकांनी मोटरी पुन्हा नदीत सोडल्या. गंगाधरकाकांनी जाता जाता विचारलंच, "मग उपसरपंच, नाव कुणाचं सांगायचं?"

"माझंच," मामा म्हणाले. तेवढंच. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी नवं सिम घातलं. डबीत दोनच नंबर भरले, मामांचा आणि धरणावरच्या माणसाचा. आता चूक होणं शक्यच नव्हतं.

आणि मग एके दिवशी दुपारी खरंच पाणी सुटलं. भोंगा वाजला, फिरला, अगदी हवा तसा. मी दारात आले. गाव ढिम्म! गंगाधरकाका बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "सूनबाई, आईला सांग की, पोरगी खुशाल हाय म्हणून!"

मामा नांदेडला गेलेले. नदी चढायला लागलेली. आणि मोटरी सगळ्या खाली! मामांच्या नावावर आता गावाच्या मोटरी वाहून जाणार, एवढं मनात आलं आणि काय झालं कुणास ठाऊक...

"पाणी सुटलंय! मोटरी काढाऽऽ!"

कावळे उडाले. काका बाजेवरून खाली आले. नदीपलीकडचा गुराखीसुद्धा गुरं हाकायला लागला. मोटरी वाचल्या. सगळ्या.

आत्या मात्र उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या,

"एवढा गळा होता, तर त्या भोंग्याला कामून हात लावलास ग?"