मामांची स्वस्तातली रिव्हॉल्व्हर

कमरेला पिस्तूल लटकवल्याशिवाय माणूस मोठा होत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं का? आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हे बाळकडू सगळ्यांना मिळालंय; मांडवगण फराट्याचे माझे मामा तेवढे अडाणी राहिले. त्यांच्याइतका नालायक बंदूकवाला जिल्ह्यात सापडायचा नाही. उसातल्या एकट्या वस्तीवर राहतात म्हणून त्यांना परवाना मिळाला. इतरांनी चकचकीत पिस्तुलं घेतली, मूठ दिसेल असा शर्ट खोचला, व्हॉट्सअ‍ॅपला फोटो लावले. मामांनी सरकारी कारखान्यातली, सगळ्यांत स्वस्त बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर घेतली आणि चोरून आणल्यासारखी बंडीच्या आतल्या खिशात दडवली. वर्षातून एकदा पुण्याला सरावाच्या रेंजवर जायचं, कानात कापूस घालून सहा गोळ्या मारायच्या, घरी येऊन जुन्या धोतराच्या फडक्यानं तिला तेलपाणी करायचं. सहाही गोळ्या उडतात, तीन-चार कागदाला लागतात. "गडी साधा हाय, पन हाक मारली की येतो," मामा म्हणतात. एवढं कौतुक त्यांनी मामींचंही कधी केलं नाही.

त्यांच्या मुलीचं, आमच्या ताईचं, लग्न दौंडच्या कार्यालयात होतं. व्याह्यांनी आधीच बजावलं होतं, "येताना यंत्र आणा." मामांनी रिव्हॉल्व्हर आणली. वरात दाराशी आली, डीजे थांबला.

"काढा पाव्हणं दोन बार. त्याबिगर आमचा नवरदेव घोड्यावरनं उतरत न्हाई," व्याही म्हणाले. ही थोर परंपरा त्यांच्या घराण्यात मागच्याच वर्षी सुरू झाली होती.

"माणसं हायती हितं."

"वर मारायचं की."

"वर गेल्याली कुठं पडती तेवढं सांगा, मग मारतो."

मुहूर्त टळत चालला. मामी काकुळतीला आल्या, "अवं, पोरीकडं बघा." मामांनी रिव्हॉल्व्हर काढली. बायकांनी कान झाकले. मामांनी चक्री उघडून व्याह्यांपुढं धरली. सहाही घरं रिकामी.

"पोरीसाठी मी वाकलो असतो," मामा हळूच म्हणाले, "म्हनून गोळ्या घरीच ठिवल्या."

नवरदेव स्वतःच घोड्यावरून उतरला. लग्न लागलं. व्याह्यांना मात्र तो अपमान अजून पचलेला नाही. पहिल्या दिवाळीला त्यांनी ताईला माहेरी धाडलं नाही. मामा दिवसभर ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसले होते. "यील पुढच्या सालाला," एवढंच म्हणाले. त्यांना आता लग्नाला बोलवायलाही लोक कचरतात.

तुमच्या घरी कार्य निघालं, तर पत्रिकेत 'आहेर आणू नये'च्या खाली एक ओळ वाढवा: बंदूक आणू नये. आणि मामांना मात्र आग्रहानं बोलवा.