लंगडत येणारे डॉक्टर

आमच्या लसवाल्या डॉक्टरांइतका लोकांच्या पायांकडे बघणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत झाला नसेल. चपलांचे दुकानदार धरून सांगते. नमस्कार तोंडाला करतील, नजर पावलांवर. मला त्यात कधी विचित्र वाटलं नाही, कारण आमच्या घरातही सगळ्यांची नजर एका पायावरच असायची. माझ्या ताईच्या.

आमचं घर खाडीकाठच्या गावातलं. वडील दुसऱ्याच्या मिठागरात राबायचे, आई चिंबोऱ्या पकडून नाक्यावर विकायची. ताई लहान असताना तिला ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. आईने तिला कडेवर घेऊन भगत केला, मालिशवाली केली, देवीला कोंबडं कबूल केलं. ‘देवीची करनी हाय’ म्हणून गावाने विषय मिटवला. पुढे तिला लंगडी म्हणायला सगळे होते, पाय कधीपासून असा झाला हे विचारायला कुणी नव्हतं. त्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. नर्सिंगची पदवी घेतली, पनवेलकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात लागले, आणि तिथे हे डॉक्टर ट्रेनिंग द्यायला आले. लंगडत.

लसीने टळणारे आजार हॉस्पिटलवाल्यांनी ओळखावेत आणि लगेच सरकारला कळवावेत, हे शिकवायचं त्यांचं काम. दुसरा कुणी पडद्यावर चार चित्रं दाखवून, चहा पिऊन गेला असता. हे गेटपासून हॉलपर्यंत एक पाय ओढत आले आणि माइक धरून गरजले, “रिसेप्शनवरून, ओपीडीवरून, तुमच्या सगळ्यांच्या नाकासमोरून आलो. एकाने तरी विचारलं का, बाबा रे, कधीपासून?” मागून आमच्या मेट्रन म्हणाल्या, “सर, आम्हाला वाटलं चप्पल तुटली.” डॉक्टर दोन्ही पायांवर ताठ चालत पडद्याकडे गेले; लंगडणं हे त्यांचं दर ट्रेनिंगचं नाटक होतं. दुपारी कँटीनमध्ये त्यांनी डांग्या खोकला असा हुबेहूब काढून दाखवला, की कँटीनवाला पाणी घेऊन धावला आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी ताटं उचलून पळाली. डॉक्टर खूश. “शेवटी श्वास आत ओढल्याचा आवाज ऐकलात ना, सिस्टर? तो कानात ठेवा. जेवा आता.” जेवणार कोण! गोवर, घटसर्प, धनुर्वात हे त्यांच्या बोलण्यात नातेवाइकांसारखे यायचे, म्हणजे न सांगता. पण एक गोष्ट ते न हसता सांगायचे. “मुलाचा पाय अचानक लुळा पडला, एवढंच कळवा. कशाने पडला ते तपासून आम्ही सांगू. बारसं आमच्याकडे.”

एकदा नावड्याहून एक बाई मुलाला घेऊन आली. मूल चांगलं पळायच्या वयाचं, तरी कडेवर. माझी नजर आपोआप खाली गेली. “कधीपासून?”

“परवा ताप आयलेला. सकाली उठवतंय त पाय उचलंच नाय,” म्हणाली आणि रडायलाच लागली. मला तिच्या जागी माझी आई दिसली.

आमच्या बालरोगतज्ज्ञ सरांनी मुलाला नीट तपासलं. “नसांचा आजार आहे, पोलिओ नाही. उपचार सुरू करतो. यात कळवायचं काय? उगाच हॉस्पिटलची चर्चा.”

“सर, बारसं आपल्याकडे नाही.”

“तू मला शिकवतेस?”

“तुम्ही पण होतात की ट्रेनिंगला. पहिल्या रांगेत.”

बोलून तर गेले. नोकरी गेली असती तर घर कसं चाललं असतं देव जाणे. तरी लसवाल्या डॉक्टरांना फोन लावलाच.

डॉक्टर रिक्षाने आले, बर्फाचा डबा मांडीवर धरून. मुलाच्या शौचाचा नमुना त्यात ठेवताना चेहरा असा, जणू साखरपुड्याचे पेढे नेताहेत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नमुन्यासाठी पुन्हा हजर. निकाल आला: पोलिओ नाही. “मी म्हणालो होतो,” आमचे सर म्हणाले. “अगदी बरोबर म्हणाला होतात,” डॉक्टर म्हणाले, “पण तुमचं ‘नाही’ या खोलीपुरतं होतं. आता ते लॅबने तपासलेलं, देश पोलिओमुक्त आहे हे दाखवायच्या कामाचं झालं.” सरांनी स्वतः चहा मागवला. त्या मुलाला वेळ लागला, पण ते आईचं बोट धरून चालत घरी गेलं.

मी ताईबद्दल सांगितलं, तेव्हा त्यानंतरच्या रविवारी डॉक्टर आमच्या गावी आले. ओटीवर ताईशेजारी बसले आणि विचारलं, “कधीपासून, ताई?” चाळिशीची माझी ताई आधी हसली. मग सांगत बसली, ताप, भगत, मालिश, शाळेतली पोरं, सगळं. आईने पदर तोंडाला लावला. चहा गार झाला, डॉक्टर उठले नाहीत.

आमच्या हॉस्पिटलाने डॉक्टरांसाठी ठेवलेल्या निरोपसमारंभाला ते आले तेही लंगडत. सगळे हसले, टाळ्या पडल्या. मी पावलांकडे पाहिलं. नाटकात ते उजवा पाय ओढायचे. आज डावा होता आणि हात गुडघ्यावर. जवळ जाऊन विचारलं, “कधीपासून, सर?”

“गेल्या पावसाळ्यापासून,” ते हळूच म्हणाले. “कुठे कळवू नका.”

आता आमच्या हॉस्पिटलात नव्या नर्सेसना हे ट्रेनिंग मी देते. अचानक पाय लुळा पडलेलं एकही मूल आमच्याकडून न कळवता घरी गेलेलं नाही.